धनुष्याला हात

पॅरिस ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी, ११ ऑगस्ट २०२४ ला, महिलांची मॅरेथॉन झाली. सिफान हसन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली. त्यानंतर तब्बल दीड तासाने, ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांनी, भूतानची किंझांग ल्हामो पोचली. ऐंशीवी, म्हणजे शर्यत पुरी करणाऱ्यांत शेवटची. अखेरच्या टप्प्यात रस्त्यावरची माणसं तिच्या सोबत पळत होती, कुणी सायकलवरून साथ देत होतं. ती क्लिप फिरत फिरत माझ्याकडे आली, तीही अनेक वाटांनी, कारण आमच्या गोतावळ्यात भूतान म्हटलं की मी आठवतो. ‘तुमच्या भूतानची पोरगी बघा, हरून जिंकली.’ पोरीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पाठ थोपटण्याच्या या सुराने माझं डोकं उठतं. छोटा देश ऑलिंपिकला आला की त्याने शेवटचं यावं आणि आपण डोळे पुसावेत, असा एक रिवाजच पडलाय. भूतानची ऑलिंपिकची गोष्ट याहून जुनी आहे, आणि मला विचाराल तर याहून रंगतदारही. ती पळण्याची नाही, धनुष्यबाणाची आहे. आणि तिच्यात बायका आहेत.

एक तुलना आधी करून टाकतो. भारताचे तिरंदाज ऑलिंपिकला पहिल्यांदा उतरले ते १९८८ साली, सोलला. लिंबा राम त्या संघात होता. आपल्या मुली त्या मैदानावर जायला २००४ चं अथेन्स उजाडलं. भूतानचे तिरंदाज आपल्या चार वर्षं आधी, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला गेले होते. तीन पुरुष आणि तीन बायका. म्हणजे बायकांच्या बाबतीत तो एवढासा देश आपल्या वीस वर्षं पुढे होता. हे मी सांगितलं की लोक म्हणतात, त्यात काय, त्यांचा राष्ट्रीय खेळच तो, घराघरात खेळत असतील. इथेच तर मेख आहे. बायका खेळत नव्हत्या. बाईने धनुष्याला हात लावणंसुद्धा अपशकुनाचं होतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी चुखाच्या जलविद्युत प्रकल्पावर होतो. वांगछू नदीवर भारताने बांधून दिलेला ३३६ मेगावॅटचा प्रकल्प. डोंगराच्या पोटात वीजघर, वर धरण, मधे बोगदे. कोयनेच्या कामावर हात बसलेली आम्ही काही मराठी मंडळी तिथे होतो. राहायला त्सिमालाखाची वसाहत. करमणूक म्हणजे ट्रान्झिस्टर, पत्ते, आणि रविवारी भूतानी लोकांचा ‘दा’, म्हणजे तिरंदाजी. आमच्या ऑफिसातला भूतानी हेडक्लार्क एरवी कमालीचा अबोल. ‘येस सर-ला’, ‘नो सर-ला’ याच्या पलीकडे त्याची मजल जात नसे. रविवारी मैदानावर तोच माणूस आपला ‘घो’, म्हणजे तिकडचा अंगरखा, कमरेला खोचून, हात वर करून, समोरच्या संघाच्या कप्तानाची अब्रू काढणारी गाणी म्हणायचा. सोमवारी पुन्हा ‘येस सर-ला’.

तो खेळ डोळ्यांसमोर आणायचा तर आधी अंतर लक्षात घ्या. दोन लक्ष्यं समोरासमोर, मधे १४५ मीटरच्या आसपास मोकळी जागा. ऑलिंपिकमध्ये आज ७० मीटरवरून नेम धरतात. त्याच्या दुपटीहून जास्त. लक्ष्य म्हणजे जमिनीत रोवलेली लाकडाची रंगवलेली फळी, उंचीला मीटरभर आणि रुंदीला जेमतेम फूटभर. इतक्या लांबून ती फळी मला तर दिसायचीच नाही, फक्त तिच्या आजूबाजूची माणसं दिसायची. हो, माणसं. लक्ष्याच्या अगदी शेजारी दोन्ही संघांचे गडी उभे असतात, बाण येताना बघतात आणि ऐनवेळी अंग चोरतात. आमचा सुरक्षा अधिकारी एकदा हे पाहायला आला आणि चहा न घेताच परत गेला.

प्रत्येकाने दोन दोन बाण मारायचे, मग सगळा लवाजमा चालत पलीकडे, आणि तिथून उलट दिशेने पुन्हा. बाण फळीवर बसला तर दोन गुण, मधल्या वर्तुळात बसला तर तो ‘कारे’, त्याचे तीन. फळीपासून बाणाच्या लांबीइतक्या अंतरात रुतला तरी एक. पंचवीस गुण आधी करेल तो डाव जिंकला. एका संघात तेराजण असायचे, त्यामुळे सामना सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपेल याची काही शाश्वती नाही. मोठे सामने दोन-दोन, तीन-तीन दिवस चालत. घाई कुणालाच नसे. मधे आरा फिरत असायची. ही घरी गाळलेली दारू, तांदळाची नाहीतर मक्याची, आणि तिने नेम सुधारतो असं मानणारे तिथे बहुमतात होते.

बाण लागला की नाच. पलीकडच्या टोकाचे गडी ओळीने उभे राहून पाय उचलत, वळत, गात नाचतात. मला सुरुवातीला तो नुसता जल्लोष वाटला. हेडक्लार्कने समजावलं की मारणाऱ्याला आपला बाण कुठे पडला ते दिसत नाही. नाच हाच त्याचा निरोप. ज्याचा बाण लागला त्याला रंगीत कापडाची पट्टी मिळते, ती तो कमरेला खोचतो. संध्याकाळपर्यंत चांगल्या तिरंदाजाच्या कमरेला एवढ्या पट्ट्या लोंबत असतात की मारुतीच्या देवळाजवळच्या पिंपळावरचे नवसाचे धागे आठवावेत. आणि नेम धरणाऱ्याला विरुद्ध संघाने समोरून डिवचायचं, त्याच्या दिसण्यावरून, त्याच्या बायकोवरून, त्याच्या बापाच्या नेमावरून. हा शिष्टाचाराचा भंग नव्हे, हाच शिष्टाचार.

बायकांची जागा मैदानाच्या कडेला. किरा नेसून, हात हातात धरून त्या गात नाचायच्या; आपल्या संघाची स्तुती, दुसऱ्याची टिंगल. त्यांच्या जिभेला धार पुरुषांपेक्षा जास्त होती. पण सामन्याच्या आदल्या रात्री गड्यांनी बायकोपासून दूर झोपायचं असा दंडक होता. संघ एकत्र कुठल्या तरी गोठ्यात किंवा देवळात मुक्काम करायचा. ज्योतिषाला विचारून सामन्याची घडी, कुणी आधी मारायचं हे ठरायचं. समोरच्याचा नेम बिघडवायला मंत्रतंत्रही चालायचे. एवढ्या सगळ्या सोवळ्यात धनुष्याला बाईचा स्पर्श कसा चालणार? आमच्या हिने एकदा भिंतीला टेकवून ठेवलेलं बांबूचं धनुष्य सहज बघायला उचललं. एक म्हातारबाबा उठला, हसत हसत तिच्या हातातून ते काढून घेतलं, कपाळाला लावलं आणि दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवलं. एक शब्द बोलला नाही. ही घरी येईपर्यंत धुमसत होती.

धनुष्याला एवढं पावित्र्य येण्यामागे इतिहास आहे. तिबेटचा राजा लांगदर्मा बौद्ध धर्माच्या मुळावर उठला होता. ल्हालुंग पेलगी दोर्जे नावाच्या भिक्षूने नाचाच्या मिषाने त्याच्यासमोर जाऊन, लांब बाह्यांत दडवलेलं धनुष्य काढून त्याला मारलं. साल साधारण ८४२ मानतात. काळ्या टोप्यांचा जो नाच भूतानच्या मठांत होतो त्यात ही आठवण आहे. खुद्द भूतानमध्ये दऱ्याखोऱ्यांतले सरदार एकमेकांशी लढले ते याच हत्याराने. राजधानी थिंफूमधलं चांगलिमिथांग हे मैदान म्हणजे १८८५ च्या लढाईची जागा. तिथे उग्येन वांगचुक यांनी विरोधकांना मोडलं आणि १९०७ मध्ये ते भूतानचे पहिले राजे झाले. आज त्याच जागी राष्ट्रीय स्टेडियम आहे आणि त्याला लागून तिरंदाजीचं मैदान. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांत गेला, त्याच सुमारास तिरंदाजीला राष्ट्रीय खेळाचा दर्जा मिळाला. जगात जायचं तर झेंडा लागतो, राष्ट्रगीत लागतं, तसा एक खेळही लागतो, हे थिंफूत कुणीतरी नीट ओळखलं होतं.

१९८३ हे वर्ष मला त्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी भूतानची स्वतःची विमानसेवा सुरू झाली, पारो ते कलकत्ता, एक छोटंसं डॉर्निअर विमान. त्याच वर्षी भूतानची ऑलिंपिक समिती स्थापन झाली. देशात टीव्ही नव्हता. तो यायला १९९९ उजाडायचं होतं. आणि १९८४ च्या उन्हाळ्यात सहा माणसं लॉस एंजेलिसला. सोव्हिएत गटाने बहिष्कार घातलेला, तरीही १४० देश आले होते. त्यात हे सहाजण, सगळे तिरंदाज.

आमच्या वसाहतीत त्या आठवड्यात एकच विषय होता, पी. टी. उषा. चारशे मीटर अडथळ्यांत तिचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं आणि आमच्या मेसमध्ये दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. हेडक्लार्क ऐकून घ्यायचा. मग हळूच म्हणाला, “सर-ला, आमचेही गेलेत.” कशासाठी, विचारलं तर म्हणे, ‘दा’. आणि थोडं थांबून, जरा ओशाळून, “तीन लेडीजसुद्धा.”

घरी हे सांगितल्यावर ही जे म्हणाली ते जसंच्या तसं देतो. “अहो, मग त्या म्हाताऱ्याने माझ्या हातातून का हो काढून घेतलं?”

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मला वाटतं ते उत्तर लाँग बीचच्या एल डोराडो पार्कात होतं, जिथे लॉस एंजेलिसची तिरंदाजी झाली. तिथला खेळ असा: चार दिवस, एकेकाने २८८ बाण. पुरुषांना ९०, ७०, ५० आणि ३० मीटर. बायकांना ७०, ६०, ५० आणि ३०. गवताच्या गाद्यांवर कागदी वर्तुळं, लांबच्या अंतराला १२२ सेंटिमीटरची, जवळच्याला ८० ची. लक्ष्याशेजारी कुणी उभं नाही, गाणं नाही, शिवी नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. धनुष्यही वेगळं: धातूचा मधला भाग, नेम धरायला साइट, तोल राखायला पुढे दांडे. पुरुषांत अमेरिकेच्या डॅरेल पेसने २८८० पैकी २६१६ गुण करून सुवर्ण नेलं, बायकांत कोरियाच्या सेओ ह्यांग-सूनने २५६८ करून. भूतानचे सहाही जण त्यांच्या आसपासही नव्हते.

आता विचार करा. १४५ मीटरवर फूटभर फळीला बाण लावणारा गडी ७० मीटरवर सहज चमकायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण ‘दा’मध्ये दिवसभरात थोडेच बाण मारायचे असतात, आणि त्यातले दोन-चार लागले तरी माणूस गावचा नायक. ऑलिंपिकमध्ये एकेक बाण मोजला जातो. तिथे एक अफलातून नेम उपयोगाचा नाही, शेकडो वेळा तीच हालचाल तशीच्या तशी हवी. घरच्या खेळातला उत्तम गडीसुद्धा इथे नवशिकाच. पुरुषांना पिढीजात अनुभवाचा काडीचा फायदा नव्हता, म्हणूनच बायका त्यांच्या बरोबरीने उभ्या राहू शकल्या. दोघांनाही मुळापासून शिकायचं होतं. शिवाय ते परदेशी धनुष्य कुणाच्या आजोबाने कपाळाला लावलेलं नव्हतं. त्यावर ना मंत्र होता ना विटाळ. त्या म्हातारबाबाने जपलं ते बांबूचं धनुष्य. लॉस एंजेलिसला गेलेल्या बायकांच्या हाती होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते दुसरं होतं म्हणूनच कुणी हरकत घेतली नाही. हा माझा तर्क आहे, पण त्या दोन्ही खेळांकडे बघून मला दुसरी संगती लागत नाही.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत घडलं थोडं. दर चार वर्षांनी भूतान येत राहिला आणि २०१२ पर्यंत फक्त तिरंदाज घेऊन येत राहिला. १९९२ ला बार्सिलोनात नियम बदलून समोरासमोरचे बाद सामने सुरू झाले. प्रेक्षकांसाठी ते बरं, पण एका दिवसात गाशा गुंडाळायची वेळ आली. पुढे संघ सहावरून दोनवर आला: एक पुरुष, एक बाई. २००४ ला अथेन्समध्ये त्शेरिंग छोदेन पहिली फेरी जिंकून दुसरीत गेली, हे त्या काळातलं ठळक यश. २०१२ ला लंडनमध्ये पहिल्यांदा दुसरा खेळ दिसला, एअर रायफल, आणि त्यातही उतरली ती बाईच, कुंझांग छोदेन. झेंडा होता तिरंदाज शेरब झामच्या हातात. त्या वेळी दोनजणांचा संघ, दोन्ही बायका.

हे सगळे जायचे ते वाइल्ड कार्डवर, म्हणजे लहान देशांना राखून ठेवलेल्या जागांवर. या जागांवरून नाकं मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘पात्रता नसताना कशाला?’ मला हा प्रश्न फार उथळ वाटतो. सात-आठ लाखांच्या देशात, जिथे सपाट मैदान शोधायलासुद्धा डोंगर उतरावे लागतात, तिथल्या मुलीने आधी जगाच्या दर्जाचं व्हायचं आणि मग जगाने तिला खेळू द्यायचं, हा क्रम कुठेच जुळणार नाही. पुढे जे घडलं त्याने माझं म्हणणं खरं ठरवलं.

नोव्हेंबर २०१९, बँकॉक. आशियाई अजिंक्यपदाबरोबर टोकियोच्या पात्रतेच्या लढती होत्या. कर्मा नावाच्या भूतानी तिरंदाजाने, हीही बाईच, तिथे झुंजून आपली जागा मिळवली. स्वतःच्या नेमावर ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती भूतानची पहिली खेळाडू. यातली गंमत अशी की त्याच स्पर्धेत दीपिका कुमारी आणि अंकिता भकतसुद्धा खेळत होत्या, पण तिरंगा नव्हता. आपल्या तिरंदाजी संघटनेतल्या भांडणांमुळे जागतिक संघटनेने भारताला निलंबित केलं होतं, आणि आपल्या मुली तटस्थ झेंड्याखाली बाण मारत होत्या. एकशेतीस कोटींचा देश बिनझेंड्याचा, आणि शेजारी भूतानचा पांढरा ड्रॅगन फडकतोय. याची क्लिप मात्र मला कुणी पाठवली नाही.

२८ जुलै २०२१ ला टोकियोत पहिल्याच फेरीत कर्मासमोर दीपिकाच आली. सामना ६-० असा एकतर्फी झाला. त्याच मैदानावर आमच्या साताऱ्याचा, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव खेळत होता, त्यामुळे आमच्या घरी टीव्ही दिवसभर लावलेला. ही दीपिकाच्या बाजूने होती, पण कर्माने दहा मारला की “चांगला लागला गं” असं म्हणायचं सोडत नव्हती.

इकडे मायदेशी काय चाललंय? ‘दा’ संपला नाही, उलट फोफावला. पण बांबूची जागा बऱ्याच ठिकाणी अमेरिकन कंपाऊंड धनुष्याने घेतली, कप्प्यांवरून दोरी फिरणारी ती यंत्रं. मी होतो त्याच दशकात ती यायला लागली. बांबूच्या धनुष्याने आठवड्यातून एकदा कारे व्हायचा तिथे आता दिवसात कितीतरी होतात. नाच तोच, पट्ट्या त्याच, डिवचणंही तेच. बाण मात्र एवढ्या वेगाने येतो की लक्ष्याजवळ उभं राहणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. बांबूचेच सामने वेगळे भरवणारे लोकही आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे, पण थिंफूच्या तरुणाला कंपाऊंडचा मोह सुटत नाही.

या कंपाऊंडला ऑलिंपिकमध्ये आजवर जागा नव्हती. म्हणजे भूतानची माणसं चार दशकं घरी एका धनुष्याने खेळली आणि ऑलिंपिकला दुसऱ्याच धनुष्याने. २०२८ मध्ये ते पहिल्यांदाच येणार आहे. आपल्याकडे याचा आनंद झाला तो ओजस देवतळे, आदिती स्वामी यांच्यामुळे. २०२३ ला बर्लिनमध्ये दोघंही कंपाऊंडचे जगज्जेते झाले, आणि दोघंही महाराष्ट्राची. भूतानला याचा फायदा होईल का? अंतर पुन्हा ५० मीटरचं, गुणांचा तोच कडक हिशेब, तेव्हा चमत्काराची आशा मी धरत नाही. शिवाय पात्रतेची भिंत उंच आहे.

आणि एक अट आहे. कंपाऊंडचा फक्त एकच प्रकार ठेवलाय: मिश्र सांघिक. एक पुरुष आणि एक बाई, एकाच संघात, आळीपाळीने बाण. भूतानमध्ये कंपाऊंड हाती घेणारे आजही बहुतेक पुरुष आहेत. ते उतरलं ‘दा’च्या मैदानात, त्यामुळे ‘दा’चे रीतिरिवाजही त्याला चिकटले. बायका खेळायला लागल्यात, त्यांच्या स्पर्धाही होतात, पण गावच्या सामन्यात त्या अजून कडेलाच गातात. रिकर्व्हच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या त्या धनुष्याच्या, वेळी थिंफूला सोपं गेलं, कारण ते धनुष्य परकं होतं. हे कंपाऊंड आता घरचं झालंय. मागच्या वर्षी हेडक्लार्कच्या मुलाचा फोन आला होता. तो थिंफूत एका संघाकडून खेळतो. त्याला मी विचारलं, तुमच्या संघात कुणी मुलगी आहे का? म्हणाला, “नाही सर-ला, पण माझी धाकटी मागतेय धनुष्य.” मग दिलंस का, तर हसला. किंमत फार आहे म्हणाला.